कॅसेटला कुंकू लावू नका

पहिलंच सांगून ठेवतो. कॅसेटला हळद-कुंकू लावू नका. देवघरात ठेवायची तर ठेवा, फडक्यात गुंडाळा, ट्रंकेत टाका, पण कुंकू लावू नका. तिच्यापुढं उदबत्ती जाळू नका, दिव्याच्या तेलाचा हात तिला पुसू नका. कॅसेट देव नाही. प्लास्टिकच्या डबीत एक पातळ पट्टी असते आणि त्या पट्टीवर तुमची माणसं बसलेली असतात. बोट लागलं तरी खराब होतात.

हे मला कोणी विचारलं नव्हतं. दिवाळी अंकवाले म्हणाले, तुमच्या धंद्यातल्या गमती लिहा. मी सातवी शिकलेला माणूस, बायको गेल्यापासून घरात बोलायला कोणी नाही. गमती सुचत नाहीत. जे झालं ते लिहितो. ज्याला हसायचं असेल त्यानं पान उलटावं.

धंदा असा आहे. आदिलाबादेत माझ्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत टेबल, टेबलावर जुना कंप्युटर आणि त्याच्या शेजारी जुना व्हीसीआर आणि माझा जुना कॅमेरा. लोकांच्या घरी लग्नाच्या, बारशाच्या, घरभरणीच्या कॅसेटी पडून आहेत. त्या लावायचं मशीन आता कोणाकडं नाही. मी मोठी कॅसेट व्हीसीआरमधे, छोटी असली तर कॅमेऱ्यात टाकतो, वायर कंप्युटरला जोडतो, कॅसेट चालवतो आणि जे उतरेल त्याची डिस्क करून देतो. लोकांना वाटते मोबाइलसारखं बटण दाबलं की झालं. तसं नाही. लग्न जेवढा वेळ चाललं तेवढाच वेळ कॅसेट चालते, आणि तेवढा वेळ मी समोर बसतो. कारण पट्टी कुठं अडकली आणि लगेच थांबवलं नाही, तर मशीन ती खाऊन टाकते. मग कोणाचा बाप गेला, कोणाची बहीण गेली, परत येत नाही.

म्हणून या भागातली लय लग्नं मी दोनदा पाहिली. एकदा मांडवात उभं राहून आणि एकदा या खुर्चीवर बसून. दुसऱ्यांदा पाहताना कोण मेलं, कोण कोणाशी बोलत नाही, हे माहीत असते. पहिल्यांदा बरं होतं.

बेज्जूरकडची कॅसेट मी वासावरून ओळखतो. तिकडं जंगल, ओल लय. पट्टीवर पांढरी बुरशी चढते, शिळ्या भाकरीवर चढते तशी. ती उन्हात ठेवून, मऊ फडक्यानं पुसून निघते. बुरशीचा मला राग नाही. ती कोणी मुद्दाम लावत नाही.

माणसं मात्र मुद्दाम येतात, आणि आली की म्हणतात, हे काढा. "हे घाला" म्हणणारा मला आजवर भेटला नाही. मंचेरियलहून कोळसाखाणीतून रिटायर झालेले एक गृहस्थ आले होते. घरी तेलुगू, माझ्याशी हिंदी. म्हणाले, "भाईसाब, इसमें से दामाद को निकाल दो." पोरगी परत माहेरी आली होती. मी सरळ बोलणारा माणूस. म्हटलं, "शादी में से दूल्हा निकालूँगा तो बचेगा क्या?" ते म्हणाले, "मेरी बेटी बचेगी."

जेवढं निघालं तेवढं काढलं. काही ठिकाणी हार घालणारे हात राहिले, तोंड गेलं. त्यांनी पाहिलं आणि चाललं म्हणाले.

पण सगळ्यात जास्त लोकांनी काय काढायला लावलं सांगू? माझ्या बायकोचा आवाज.

सुमन लाइट धरायची. मी शूटिंग करायचो तेव्हाची गोष्ट. मांडवात अंधार असला तर कॅमेऱ्याला काही दिसत नाही, म्हणून एकानं मोठा दिवा वर धरून सोबत चालावं लागते. लोक त्यासाठी पोरं ठेवत. माझ्यासोबत बायको होती. आम्हाला लेकरू झालं नाही, त्यामुळं तिला घरी अडकवायला काही नव्हतं. तो दिवा इतका तापायचा की तिच्या मनगटावर डाग पडले होते. हात भरून आला की खांदा बदलायची, पण उजेड हलू द्यायची नाही. आणि बोलायची. "नवरीबाई, मान वर करा जी." "काकाजी, सरका थोडं, सावली पडून राह्यली." "मामा, घास घ्या, पण इकडं पाहून घ्या." मी मुका, तीच बोलायची.

हे सगळं कॅसेटमधे यायचं. घरी आणल्यावर मी त्यातून मोठी कॅसेट बनवायचो, तिचा आवाज काढून वर सनई चढवायचो. सगळेच तसं करत, गिऱ्हाईकाला तसंच पाहिजे असे. छोटी कॅसेट पुसून पुढच्या लग्नाला वापरायची. पण काही घरच्या बाया मुद्दाम निरोप पाठवत. "त्या लाइटवालीचा आवाज ठेवू नका. लेकराबाळाची बाई नाही ती, शुभकार्यात कायले?" हे सुमनच्या कानावर जायचं. ती म्हणायची, "काढून टाका. उजेड तं मायाच हाये ना? तो काढा म्हणा." आणि हसायची. मला हसू येत नव्हतं.

ती गेली तेव्हा फोटो पाहिजे होता, हार घालायला. घरात एकही नाही. अर्ध्या जिल्ह्याची लग्नं मी घेतली आणि बायकोचा फोटो नाही. ती समोर यायची कशी? समोर आली तर लाइट कोण धरणार? मी म्हणायचो, उभी राह्य एकदा. ती म्हणायची, "मायं तोंड काय पाहाचं, रोजच तं पाह्यता." जिच्या हातात दिवा तिची सावलीसुद्धा कुठं पडत नाही. शेवटी आधार कार्डावरचा फोटो मोठा करून आणला. त्यात ती पकडलेल्या चोरासारखी दिसते. तोच भिंतीवर आहे.

आणि ज्या बाया तिचा आवाज काढा म्हणायच्या, त्यातल्याच काही त्या दिवशी दारात आल्या आणि तिच्या कपाळाचं कुंकू आपल्या कपाळाला लावून घेतलं. नवऱ्याआधी गेली, सवाष्ण गेली, नशीबवान. असं म्हणून राहिल्या होत्या. मी एकेकीचं तोंड पाहिलं. तिरडी बांधायची होती.

फोटो तरी आधार कार्डाचा निघाला. आवाज कशावर निघणार? तिच्याकडं साधा बटणाचा फोन. मी घरात असलेल्या सगळ्या कॅसेटी चालवून पाहिल्या. पुसलेल्या, त्यावर भरलेल्या, पुन्हा पुसलेल्या. सनई, सनई, सनई. मीच चढवलेली.

मग जैनथकडचे दोघे भाऊ आले. थोरले गणपतभाऊ, कापूस आणि ज्वारीचे शेतकरी, गावातच राहणारे. धाकटे विलासराव, हैदराबादेत नोकरीला. गणपतभाऊंनी पंच्यात गुंडाळलेली एक कॅसेट टेबलावर अशी ठेवली, जसं मूल ठेवतात.

"भाऊ, मायची कॅसेट हाये. जपून."

पंचा सोडला. कॅसेट लालभडक. गणपतभाऊंच्या मुलीच्या लग्नाची कॅसेट, मीच घेतलेली. त्यात त्यांच्या आईचे थोडे क्षण होते. मोठ्या कॅसेटमधे आई आली नव्हती, तिथं नवरानवरीच होते, म्हणून गणपतभाऊंनी हट्टानं ही मूळची छोटी मागून घेतली होती. आई गेल्यावर ती देवघरात गेली. गणपतभाऊंची सून रोज देवासोबत तिचीही पूजा करत होती. फटीतून कुंकू आत गेलेलं, वरून दिव्याचं तेल. पट्टीची कड अशी लाल झाली होती की विडा खाल्लेली जीभ वाटावी.

मी म्हटलं, "पूजा कोणी सांगतली होती?"

"मायची आठवण हाये, भाऊ. तशीच कशी ठेवावी?"

अशी कॅसेट मशीनमधे टाकली तर कुंकवाचा कण पट्टीवर करवतीसारखा फिरतो. पट्टी जाते आणि मशीनही जाते. मी डबीचे स्क्रू काढले. मऊ ब्रशनं कडा झाडल्या. मग दोन्ही चकत्या हातानं फिरवत, सगळी पट्टी चष्म्याच्या फडक्यातून हळूहळू काढली. फडकं लाल होत गेलं. पट्टी दुसऱ्या कोऱ्या डबीत बसवली. भावांना म्हटलं, चालेल तर एकदाच चालेल, दुसऱ्या वेळेची खात्री नाही. बसा आणि देवाचं नाव घ्या.

हळदीचा कार्यक्रम आला. अंगणात बाया, गाणी, आडव्या पांढऱ्या रेघा, मधेच चित्र फाटत होतं. मग कॅमेरा अंगणातून निघाला आणि घरात शिरला. मला आठवेना मी आत काऊन गेलो. मागच्या खोलीत, ज्वारीच्या पोत्यांजवळ, एक म्हातारी बसलेली, पांढऱ्या कपाळाची. उजेड पडला तसा तिनं डोळ्यांवर हात धरला.

आणि कॅमेऱ्याच्या मागून आवाज आला, "आजी, इकडं पाहा जी. तिकडं नाही, मायाकडं पाहा."

मी खुर्चीचा हात धरला. भाऊ आईला पाहत होते, माझ्याकडं त्यांचं लक्ष नव्हतं.

म्हातारी म्हणाली, "मले काऊन घेता व? नवरी तिकडं हाये."

"नवरीले सारेच पाह्यतात. तुमाले कोण पाह्यते?"

"हळद लागून राह्यली, म्या तिकडं येऊ नाही. जाय तू, तुले बोलतीन."

"मलेही जवळ येऊ देत नाही, आजी. म्हणून तं इकडं आली."

म्हातारी बोळक्या तोंडानं हसली. "कोणाची व तू?"

"मी लाइटवाली."

"लाइटवाली काय? नाव नाही काय तुले?"

"सुमन."

"जेवली काय व सुमन?"

"आमचं शेवटी असते आजी. पंगत उठल्यावर."

"मायंही शेवटीच असते. ये मंग. दोघी बसू."

मग सुमन मला म्हणाली, "बंद करा जी आता, आजीचे डोळे जळून राह्यले." दिवा गेला, चित्र काळं झालं, आणि त्या काळ्यात दोघी कशावर तरी हसल्या. मग पुन्हा अंगण, पुन्हा नवरी.

हे मी घेतलं होतं आणि मला काहीच आठवत नव्हतं. कॅमेरा धरणारा पाहतो, ऐकत नाही. पण आत का गेलो ते कळलं. सुमन घेऊन गेली होती. उजेड जिकडं जाईल तिकडं मला जावं लागायचं.

गणपतभाऊ डोळे पुसत होते. म्हणाले, "माय आपल्याकडं नाही पाहून राह्यली, भाऊ. बाजूले पाह्यते."

मी म्हटलं, "ती माझ्या बायकोकडं पाहून राह्यली."

मग विलासराव म्हणाले, "काका, एक काम करा. मागून जी बाई बोलते तिचा आवाज काढून टाका. वर्षश्राद्धाला मोठ्या टीव्हीवर लावायचं आहे, ऑफिसचे लोक येतील. आणि ते, जवळ येऊ देत नाही वगैरे, बरं दिसत नाही. फक्त आई राहू द्या."

मी त्यांच्याकडं पाहिलं. गिऱ्हाईक आहे, माल त्याचा आहे. मी म्हटलं, "बसा. आत्ताच करून दाखवतो."

आणि केलं. तेच काम आयुष्यभर केलं होतं, हात चुकत नव्हता. जिथं सुमन, तिथं मुकं. मग कंप्युटरवर उतरलेलं पहिल्यापासून लावलं. म्हातारी अंधाऱ्या खोलीत एकटी बसलेली. एकटीच म्हणते, मले काऊन घेता व. थांबते. मान हलवते. एकटीच हसते. कोणाची व तू? थांबते. नाव नाही काय तुले? थांबते. जेवली काय व सुमन?

"ते नावही काढा," विलासराव म्हणाले.

"नाव तुमच्या मायनं घेतलं हाये. तुमच्या मायच्या तोंडातलं मी काढत नाही. हैदराबादेत काढून घ्या."

"काका, आवाज चढवू नका. पैसे देऊन काम—"

"देऊ नका. पण एक सांगा. अंगणात अख्खं गाव होतं. तुमची माय मागच्या खोलीत पोत्याजवळ काऊन होती? कोणी बसवली होती? जित्तेपणी कुंकवाच्या करंड्याजवळ येऊ देलं नाही, आणि मेल्यावर तिच्या कॅसेटले रोज कुंकू! ते फासून फासून तिचं तोंडही घालवत होते तुमी. आणि जी एक बाई तिच्यापाशी गेली, तीच नको तुमाले."

विलासराव उठून उभे राहिले. "तो रिवाज होता. आम्ही नाही केला."

गणपतभाऊ बसूनच होते. त्यांची नजर पडद्यावर, तिथं म्हातारीचं तोंड थांबवलेलं. ते हळूच म्हणाले, "विलास, राहू दे. त्या बाईचा आवाज राहू दे. नाही तं माय येडी दिसते."

मग आवाज असलेलीच डिस्क केली. डिस्क गणपतभाऊंच्या हातात दिली, कॅसेट विलासरावांनी बॅगेत टाकली. मी म्हटलं, झालं. पण विलासराव निघेनात.

"काका, बाहेर पाटीवर लिहिलं आहे ना? 'डिस्क दिल्यावर कंप्युटरमधलं तुमच्यासमोर पुसल्या जाईल.' मग पुसा."

हो. पाटीवर लिहिलं आहे. सुमननं लिहायला लावलं होतं. लोकांच्या पोरीबाळी असतात, हळदीचं ओलं अंग असते, आपल्या घरात ते राहता कामा नये, असं तिचं म्हणणं. धंदा सुरू केला तेव्हा तिनं मला एकच अट घातली होती ती ही. आजवर मी कोणाचं ठेवलं नाही. मांडवात ज्या घरांनी तिला मागं सरक म्हटलं त्यांचंही नाही.

"विलास," गणपतभाऊ म्हणाले, पण पुढं काही बोलले नाहीत. लहान भाऊ शिकलेला होता आणि घरचा खर्च त्याच्याकडं होता.

मी मागू शकत होतो. एवढं माझ्याजवळ राहू द्या, माझ्या बायकोचा आवाज आहे, दुसरा कुठं नाही. एवढंच म्हणायचं होतं. पण आत्ता या माणसानं तिला काढून टाका म्हटलं होतं. त्याच्याकडंच तिची भीक मागायची? माझं तोंड उघडलं नाही.

त्यांच्यासमोर पुसलं. कंप्युटर विचारतो, नक्की पुसायचं का? मी हो म्हटलं. विलासरावांनी पडद्यावर वाकून पाहून घेतलं.

सुमन असती तर म्हणाली असती, बरोबर केलं. हे मला माहीत आहे. त्यानं काही बरं वाटत नाही.

वर्षश्राद्ध झाल्यावर गणपतभाऊंचा फोन आला. सगळ्या गल्लीनं पाहिलं म्हणाले. बाया रडल्या. "तुमच्या घरच्यायचा आवाज लय गोड हाये, भाऊ. नातू तं आता खेळताखेळता तसाच बोलते, 'आजी, इकडं पाहा जी.'" आणि मग म्हणाले, "डिस्क देवघरात ठेवली. सून रोज पूजा करते."

मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. कॅसेटचं मी त्यांना सांगितलं होतं, डिस्कचं सांगायचं राहिलं. कुंकवाचे कण डिस्कवर बोटानं घासले की चरे पडतात, आणि चरे पडले की ती एका जागी अडकते. फोन हातात घेतला की तोंडात आधी सुमनचंच येते, म्हणून ठेवून दिला. जैनथ लांब नाही, ऑटो जातात. दोनदा स्टँडवर जाऊन परत आलो. बायकोचा आवाज ऐकायला दुसऱ्याच्या दारात जाऊन उभं राहायचं, आणि तिथं कोणी विचारलं, काय काम काढलं, तर काय सांगू?

म्हणून अंकवाल्यांना हो म्हटलं. गणपतभाऊ, तुमच्या गावात हा अंक येतो, तुमच्याच ओट्यावर तो वाचतात असं ऐकलं. कोणी तरी तुम्हाला वाचून दाखवेल. सुनेला सांगा, रागावून नको, ती मनानं करते. डिस्क कागदाच्या पाकिटात घाला आणि कपाटात ठेवा. तिला कुंकू लावू नका. त्यात तुमची माय एकटी नाही.